माईकमागची सेवा





चर्चमधला माईक नीट चालतो तेव्हा त्याची आठवण कोणालाही होत नाही. तो शिटी मारू लागला, खरखरला किंवा ऐन वाचनात बंद पडला, की मात्र साऱ्या माना एकाच वेळी मागे वळतात आणि मिक्सरसमोर बसलेल्या मुलाकडे पाहू लागतात. त्या नजरांत प्रार्थना नसते हे सांगायला नको. त्या मुलाविषयी, आणि आपल्या चर्चमध्ये ध्वनी, प्रकाश व व्हिडिओचे काम पाहणाऱ्या सर्वच स्वयंसेवकांविषयी आज आम्ही दोन शब्द लिहीत आहोत.

त्याला कारणही तसेच घडले आहे. गेल्या वर्षभरात या गटातील दोघांनी काम थांबवले. भांडण नाही, रुसवाफुगवा नाही. त्यांपैकी एकाला आम्ही कारण विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "फादर, तीन वर्षे मी दर रविवारी चर्चमध्ये होतो, पण मिस्सेला नव्हतो." हे वाक्य आम्ही पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत जसेच्या तसे सांगितले. ते ऐकून थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. एखादा तरुण देवाच्या घरात राबतो आणि देवापासूनच दूर राहतो, ही गोष्ट नवीन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन सुटणारी नाही. म्हणून ही सेवा मुळात आहे तरी काय, तेथून सुरुवात करू या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून जाहीर केला. २६ जानेवारी २०२५ रोजी त्या रविवारी आपण नहेम्याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील वाचन ऐकले. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. स्त्रिया, पुरुष, समजण्याइतपत मोठी झालेली मुले, सारे आहेत. एज्रा शास्त्री नियमशास्त्राचा ग्रंथ घेऊन येतो आणि पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो. तो उभा आहे एका लाकडी मंचावर. पवित्र लेखक आवर्जून नोंदवतो की हा मंच त्याच कामासाठी तयार केलेला होता. एज्राच्या उजवीकडे सहा जण आणि डावीकडे सात जण उभे होते, त्यांची नावेही ग्रंथात दिली आहेत (मिस्सेतील वाचनात ती गाळली जातात). लेवी लोकांना अर्थ समजावून सांगत होते. मंच करणाऱ्या सुताराचे नाव मात्र कोठेच नाही. लोक ते शब्द ऐकून रडू लागले, असे पुढे म्हटले आहे. ते रडले, कारण त्यांना ऐकू आले आणि समजले. त्या अनामिक सुताराचा त्या अश्रूंत वाटा आहे की नाही? आमच्या मते आहे. आपल्या चर्चमधील माईकवाली मुले त्या सुताराच्या कुळातली आहेत.

विश्वास ऐकण्यातून येतो, अशी संत पौलाची रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील शिकवण आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात असे शिकवले आहे की, चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा स्वतः ख्रिस्त बोलत असतो. हे मनापासून मानले तर मग शेवटच्या बाकावरच्या आजीला वाचन ऐकू येत नाही, ही केवळ गैरसोय राहत नाही. ख्रिस्त तिच्याशी बोलतो आहे आणि त्याचा शब्द वाटेतच गळून पडतो आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्येही भाविकांना नुसते दिसावे एवढेच नव्हे, तर आधुनिक साधनांच्या साहाय्याने सहज ऐकूही यावे, याची काळजी घेण्यास सांगितले आहे.

आमचे काही ज्येष्ठ म्हणतात, "फादर, आमच्या वेळी कुठे होते माईक?" खरे आहे. पण त्या वेळच्या लोकांनी ऐकण्याची चिंता केली नव्हती असे मात्र नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकामध्ये गेलात, तर संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाच्या गडबडीत एक गोष्ट पाहायला विसरू नका. तेथे वेदीपासून दूर, लोकांच्या बाजूला, भिंतीला लागून उंचावर कोरीव पुल्पिट आहे आणि त्याच्या डोक्यावर छत आहे. पुल्पिटावरचे असे छत शोभेसाठी असतेच, पण मुख्यतः उपदेशकाचा आवाज वर घुमटात हरवू नये, खाली लोकांकडे परतावा म्हणून असते. जुन्या काळी धर्मगुरू प्रार्थना एका सुरात गाऊन म्हणत, त्यालाही हाच एक आधार होता. मोठ्या दगडी इमारतीत गायलेला सूर बोललेल्या शब्दापेक्षा दूरवर टिकतो. आणि प्रभू येशू? गर्दी वाढली तेव्हा तो पेत्राच्या होडीत बसला, होडी काठापासून थोडी आत घ्यायला लावली आणि पाण्यावरून लोकांना शिकवले. शांत पाण्यावरून आवाज चांगला पोहोचतो, हे गालीलच्या कोळ्यांप्रमाणेच आपल्या किनाऱ्यावरच्या बांधवांनाही कोणी शिकवायला नको.

आता आपल्या चर्चची अडचण. भिंती जाड, छत उंच, जमीन गुळगुळीत. त्यामुळे आवाज घुमतो, म्हणजे एक शब्द संपायच्या आत त्याचे आधीचे पडसाद येऊन त्यावर बसतात. त्यात पंख्यांची घरघर आणि पावसाळ्यात बाजूच्या मंडपाच्या पत्र्यावरचा पाऊस. आवाजाला हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जाता येते. पुढच्या स्पीकरचा आवाज चौतीस मीटरवरच्या माणसापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, पण वायरीतून त्याच्या शेजारच्या स्पीकरला तोच आवाज तत्काळ मिळतो. म्हणून मागे बसणाऱ्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय आता साध्या उपकरणातही मिळते. ती कशी वापरायची, हे आपल्या मुलांनी स्वतः वाचून आणि चुकतमाकत शिकून घेतले.

"आवाज वाढव रे!" असे त्यांना खुणेने सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मिस्सेनंतर वेदीवरून उतरताना आम्हीही हा आवाज ऐकतो. पण आवाज वाढवला की घुमणेही तेवढेच वाढते. आणखी वाढवला तर स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, तेथून पुन्हा स्पीकरमध्ये येतो, आणि या फेऱ्यातूनच ती कानठळ्या बसवणारी शिटी जन्माला येते. मुलगा झोपलेला नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आमच्या ज्येष्ठांची आहे. "फादर, आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत," ही त्यांची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. वयानुसार कान प्रथम वरच्या पट्टीचे आवाज गमावतो. आ, ई, ओ हे स्वर ऐकू येत राहतात. पण स, श, त, ख, फ यांसारखी व्यंजने हलकी आणि वरच्या पट्टीची असतात, आणि शब्दाचा अर्थ तर त्यांच्यावरच उभा असतो. 'सत्य' आणि 'पथ्य' यांतला फरक मागच्या बाकावर पुसला जातो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नाहीत. म्हणून येथे उपाय मिक्सरवर थोडाच आहे (खर्जाचा आवाज थोडा कमी करणे), आणि वाचकांकडे जास्त आहे. वाचकांनो, माईकपासून साधारण वीतभर अंतर ठेवा, पान फिरवताना तोंड फिरवू नका, वाक्याच्या शेवटी आवाज पाडू नका आणि घाई करू नका. माईकवर टिचक्या मारून किंवा फुंकर घालून तो चालतो की नाही हे पाहू नये, त्याने नाजूक पडद्याला इजा होते. मिस्सेपूर्वी पाच मिनिटे लवकर येऊन वाचनाची पहिली ओळ म्हणून दाखवली, तर मुलाला तुमच्या आवाजाचा अंदाज येतो. आणि भाविकहो, स्पष्ट ऐकू येत नाही म्हणून ज्येष्ठांना घरी ठेवू नका. त्यांना पुढच्या बाकांवर आणून बसवा. ती जागा रिकामी असते, हे आम्ही वेदीवरून दर रविवारी पाहतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मार्टिन हायडेगर या जर्मन विचारवंताचा एक विचार आमच्या वाचनात आला होता. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो हातोडीचे उदाहरण देतो. सुतार काम करत असतो तेव्हा त्याचे लक्ष हातोडीकडे नसते, खिळ्याकडे आणि फळीकडे असते. हातोडी मोडली की प्रथमच ती डोळ्यांत भरते. तेव्हा परीक्षेपुरता पाठ केलेला हा मुद्दा आम्हांला खऱ्या अर्थाने उमजला तो चर्चमधल्या मिक्सरमुळे. चांगली चाललेली साधने स्वतःला लपवतात. पण हातोडी हे साधन आहे, आणि तो मुलगा साधन नाही. काम चांगले झाले की काम दिसेनासे होते, हे ठीक आहे. त्याबरोबर माणूसही दिसेनासा व्हावा, हे ठीक नाही. संत ऑगस्टीन यांनी योहान बाप्तिस्त्याविषयी बोलताना आवाज आणि शब्द यांत भेद केला आहे. योहान आवाज, ख्रिस्त शब्द. आवाज कानापर्यंत येऊन विरतो, शब्द मनात राहतो. आवाजाने विरावे यातच त्याचे सार्थक. मात्र योहान कोण होता हे आपण विसरलो नाही. त्याचा सण आजही साजरा करतो.

प्रकाशाचे काम पाहणाऱ्यांना वर्षातून एक रात्र अशी मिळते की, त्या रात्री त्यांची सेवा म्हणजे प्रामुख्याने दिवे न लावणे असते. पास्काच्या जागरणाला चर्च अंधारात असते. बाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मेणबत्ती लावली जाते आणि ती घेऊन मिरवणूक आत येते. ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा तीनदा होते. मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटत जाते. तिसऱ्या घोषणेनंतर चर्चमधील दिवे लावावेत, वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र गौरवगीताच्या वेळी, असा नियम आहे. आता कल्पना करा, दुसऱ्या घोषणेलाच कोणी घाईने एक ट्यूबलाईट लावली. ती दोनदा मिचकावते आणि पांढरीफटक पेटते. वर्षभर वाट पाहिलेला तो क्षण गेला. म्हणून स्विचबोर्डाशी उभ्या असलेल्या मुलाला त्या रात्री मिस्साग्रंथ आमच्याइतकाच माहीत असावा लागतो. प्रत्येक बटनावर त्याने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, कारण अंधारात बोटांनी चाचपून दिवे लावायचे असतात. त्या वेळी मोबाइलचे फ्लॅश मारणाऱ्या बंधुभगिनींनाही आमची हात जोडून विनंती आहे. त्या अंधारातही देव काही बोलत असतो.

शुभ शुक्रवारचे तसेच. त्या दिवशी धर्मगुरू निःशब्द आत येऊन वेदीसमोर पालथे पडतात. तेव्हा कॉलर माईक बंद हवा आणि की-बोर्डही बंद हवा. शांतता रिकामी वाटली म्हणून ती संगीताने भरू नये. शांतता हा उपासनेचाच भाग आहे, आणि तिचा पहारा ध्वनिगटाकडे असतो हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कॅमेऱ्याविषयी अधिक सांभाळून बोलावे लागते. २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहिले आणि जगभरच्या घराघरांतून लोकांनी पडद्यासमोर गुडघे टेकले. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा खुली झाली. त्या काळात आपल्या मुलांनी मोबाइल स्टँडवर बांधून मिस्सा तुमच्या घरी पोहोचवली. त्यांचे उपकार आपल्यावर आहेत.

पण धडधाकट माणसाने आजही सोफ्यावर बसून, हातात चहाचा कप घेऊन मिस्सा पाहावी यासाठी तो कॅमेरा नाही. पडद्यावरून ख्रिस्तप्रसाद हाती येत नाही. तो कॅमेरा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आहे. असिसीची संत क्लारा आजारपणामुळे नाताळच्या उपासनेला जाऊ शकली नाही, तेव्हा खाटेवरूनच तिला त्या उपासनेचे दर्शन घडले, असे परंपरा सांगते. यावरूनच पोप पायस बारावे यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. आपल्या घरी अशी क्लारा असेल, तर तिचे नाव कार्यालयात कळवा. तिला नुसते चित्र पुरेसे नाही. रविवारी मिस्सेनंतर तिच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाण्याची व्यवस्था आम्ही करू.

अंत्यविधीचे प्रक्षेपण हा तर फारच नाजूक विषय. आखातात नोकरीला असलेल्या मुलाला सुट्टी मिळत नाही, कॅनडातल्या मुलीला वेळेत विमान मिळत नाही. आईची शेवटची मिस्सा त्यांना हातातल्या फोनवर पाहावी लागते. अशा वेळी आमच्या गटाला आमची सूचना स्पष्ट आहे. कुटुंबाच्या परवानगीशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही. तो एका जागी स्थिर ठेवायचा, वेदी आणि शवपेटी दिसेल असा. रडणाऱ्या चेहऱ्याजवळ तो न्यायचा नाही. महासभेने १९६३ सालीच सांगून ठेवले आहे की, पवित्र विधींचे प्रक्षेपण संयमाने आणि प्रतिष्ठा राखून व्हावे, आणि त्यासाठी जबाबदार माणूस नेमावा. तेव्हा खिशात कॅमेरा घेऊन फिरणारी पिढी जन्मालाही आली नव्हती!

प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी तर कोणतेही उपकरण जवळपास नको. पापनिवेदन ध्वनिमुद्रित करणे हा ख्रिस्तसभेच्या कायद्यात गंभीर गुन्हा आहे, रोमने १९८८ साली त्यासाठी बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. म्हणून पापनिवेदन ऐकायला बसण्यापूर्वी कॉलर माईक काढून सॅक्रिस्टीत ठेवणे हे धर्मगुरूंचे काम, आणि तो तेथे आहे की नाही हे पाहणे गटाचे.

मैदानात मिस्सा असते तेव्हा शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षातील काही ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, ती त्या वर्षी कोणत्या दिवसांना आहे हे पाहूनच सणाची वेळ ठरवली जाईल. शेजारच्या घरात दहावीची परीक्षा असेल, तर कायदा बाजूला ठेवूनही आवाज कमी करता येतो.

आता पुन्हा त्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. संत पौल करिंथकरांस सांगतो की शरीर एक असले तरी अवयव अनेक, आणि जे अवयव दुबळे वाटतात ते अधिक आवश्यक. कानाने डोळ्याला कमी लेखू नये, हे आपण जाणतो. पण कानासाठी राबणाऱ्या अवयवाला स्वतःलाच ऐकू येऊ नये, असे कोणते शरीर? कार्लो अ‍ॅक्युटिस या इटालियन मुलाला पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद बहाल केले. त्याला संगणकाचे वेड होते, त्याने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती संकेतस्थळावर गोळा केली. पण तो आधी रोज मिस्सेला जाणारा मुलगा होता आणि मग संगणकावर बसणारा. क्रम हा असा आहे, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी एकट्या मुलावर टाकून चालणार नाही.

म्हणून पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे या गटातील कोणीही महिन्यात दोनपेक्षा जास्त रविवारी मिक्सरवर किंवा कॅमेऱ्यावर बसणार नाही. ज्या रविवारी तो सेवेवर असेल, त्या रविवारी ख्रिस्तप्रसाद देणारा सेवक त्याच्या जागेपर्यंत जाईल, त्याला रांगेत उभे राहण्यासाठी फेडर सोडून पळावे लागणार नाही. उरलेल्या रविवारी त्याने आपल्या कुटुंबाबरोबर बाकावर बसावे. त्या दिवशी माईकने शिटी मारली तरी उठू नये! वाचक आणि वेदीसेवकांप्रमाणे या गटालाही वर्षातून एकदा मिस्सेमध्ये आशीर्वाद दिला जाईल आणि मिस्सेपूर्वी सॅक्रिस्टीत होणाऱ्या प्रार्थनेला त्यांनाही बोलावले जाईल.

हे जमायचे तर माणसे हवीत. सध्या सहा जण आहेत, निदान बारा हवेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये बैठक आहे. नववीच्या पुढील मुले आणि मुली दोघांनीही यावे. मुलींना वायरी कळत नाहीत, हा समज घरीच ठेवून यावे. निवृत्त इलेक्ट्रिशियन बंधू आले तर त्यांचा विशेष उपयोग होईल, आपल्या अर्थिंगमध्ये दोष आहे आणि स्पीकरमधली ती सततची गुणगुण त्यामुळेच आहे असे मुलांचे म्हणणे आहे.

आणखी एक मागणी. शेवटच्या चार बाकांवर नेहमी बसणाऱ्या ज्येष्ठांपैकी पाच-सहा जणांनी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चमध्ये यावे. आपापल्या नेहमीच्या जागी बसावे. वाचक रविवारची वाचने म्हणून दाखवतील. कोणता शब्द कळला नाही, एवढेच मुलांना सांगायचे आहे.